निकाल दोनदा लिहायचा असतो

सोयाबीनची मळणी सुरू झाली की माझी मान खाजायला लागते. खरं तर आता माझा आणि सोयाबीनचा काही संबंध उरलेला नाही. मी नांदेडला राहते, नायगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, आणि सोयाबीन मला तेलाच्या पिशवीवरच्या चित्रात दिसतं तेवढंच. पण दिवाळीच्या तोंडावर सकाळच्या एसटीत खिडकीशी बसलं, रस्त्याकडेच्या शेतातून मळणीयंत्राचा धुरळा आत आला, की हात आपोआप मानेकडं जातो. शेजारची बाई विचारते, "काय चावलं का वो?" मी म्हणते, "हाव. लई वर्षं झाली चावून."

या दिवसांत लोकांना काय काय आठवतं. चकल्या, उटणं, मामाचं गाव, फटाक्यांचा वास. मला एक माणूस आठवतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडं बघायची सवय. आठवला की माझ्या अंगाचा भडका उडतो. चोवीस वर्षं झाली. नवरा म्हणतो, सोड की आता, किती दिवस धरून बसशील. मैत्रिणी म्हणतात, माफ केलं की आपल्यालाच हलकं वाटतं. मला हलकं व्हायचंच नव्हतं. मला त्या माणसाला ऐकवायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी फार मोठ्या मनाची आहे असा कुणाचा गैरसमज नको.

त्यांचं नाव इथं लिहिणार नाही. ते त्यांनी आयुष्यभर ढालींवर, बॅनरवर आणि प्रमाणपत्रांच्या तळाशी भरपूर लिहून घेतलंय. आपण नुसतं 'सर' म्हणू. लातुरात बुद्धिबळ म्हटलं की सर, अशी त्यांची ख्याती. स्पर्धा त्यांच्या, पंच तेच, क्लासही त्यांचाच, आणि जिंकणारी पोरं बहुतेक त्यांच्या क्लासची.

आमचं घर अहमदपूरचं. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बारदान्याचं दुकान. रिकामी पोती, सुतळी, पोती शिवायचे दाभण, एवढाच माल. दुकानात पाऊल टाकलं की तागाचा असा काही वास यायचा की पहिल्या दोन मिनिटांत शिंक आलीच पाहिजे. आप्पा कपाळाला विभूती लावून सकाळी गादीवर बसायचे आणि गिऱ्हाईक नसलं की समोर एक पोत्याचा तुकडा पसरायचे. त्यावर निळीनं काढलेली चौसष्ट घरं. हाच आमचा पट. सोंगट्या लाकडी, एका हत्तीचा कान तुटलेला. मी शाळेतून आले की दप्तर पोत्यांच्या थप्पीवर फेकायची आणि समोर मांडी घालून बसायची. मोंढ्यातले हमाल येता-जाता थांबायचे, "आप्पा, पोरगी वजीर खाऊन राहिली तुमचा," असं म्हणून हसत पुढं जायचे.

आप्पा सातवी शिकलेले. इंग्रजीशी त्यांचा संबंध आठ अक्षरांपुरता, ए पासून एच पर्यंत. पटाच्या उभ्या ओळींना ती अक्षरं असतात म्हणून तेवढी शिकले. "तेवढंच विंग्रजी पुरलं मला," म्हणायचे. मोहऱ्यांची नावं मात्र आपली. राजाला 'रा', वजिराला 'व', हत्तीला 'ह', उंटाला 'उं', घोड्याला 'घो'. प्याद्याला काहीच नाही, नुसतं घर लिहायचं. प्रत्येक डाव ते वहीत लिहायचे. मी कंटाळायची. खेळून झालं, आता लिहायचं कशाला? आप्पा म्हणायचे, "चाल लिवली न्हाई तर डाव झालाच न्हाई समज. उद्या कोन इचारलं तर काय दावशील?"

त्या वर्षी मी आठवीत होते. दिवाळीच्या सुट्टीत लातूरला जिल्ह्याची निवड स्पर्धा होती. सहा फेऱ्या, दोन दिवस. ऐन हंगाम. मोंढ्यात सोयाबीनच्या गाड्या एकीमागं एक उभ्या, पोत्यांना अशी मागणी की आप्पांना जेवायला उठता येत नव्हतं. त्या दिवसांत आप्पांनी दुकानाला कुलूप लावलं. मोंढ्यात लोक बघतच राहिले. आई म्हणाली, "अवो, येड लागलं का काय?" आप्पा म्हणाले, "पोती पुढल्या वर्षी बी इकतील." आम्ही पहाटेची एसटी धरली. माझ्या फ्रॉकच्या कॉलरात मोंढ्यातलं भुसकट अडकलेलं होतं आणि लातूरपर्यंत मान खाजत होती. ती ही खाज.

एका शाळेच्या मोठ्या हॉलात बाकं जोडून पट मांडलेले. प्रत्येकाला दोन प्रतींचा कागद, मधे कार्बन. चाली लिहायच्या, शेवटी दोघांनी सह्या करायच्या, वरची प्रत पंचांच्या टेबलावर द्यायची, खालची आपल्याकडं ठेवायची. मी आप्पांनी शिकवल्यासारखं लिहीत गेले. पहिल्या पाच फेऱ्यांत पाच कागद दिले. घो, उं, व, ह. कुणी काही बोललं नाही. साडेचार गुण झाले होते. हॉलातली पोरं माझ्याकडं वळून बघायला लागली होती, आणि आप्पा दाराशी उभे राहून उगाच धोतराचा सोगा नीट करत होते.

सहाव्या फेरीत समोर समीर. सरांच्या क्लासचा पहिल्या नंबरचा मुलगा, त्याचेही साडेचार. जिंकेल तो लातूर जिल्ह्याकडून पुढं जाणार. पांढरी त्याची, काळी माझी. मधला डाव मला पुढं इतकी वर्षं नीट आठवत नव्हता, शेवट मात्र जशाच्या तसा डोळ्यांपुढं आहे. त्याचा राजा कोपऱ्याशेजारी, पुढं त्याचीच दोन प्यादी. मी घोड्यानं आणि वजिरानं एकदमच शह दिला, राजा कोपऱ्यात सरकला, आणि मी वजीर उचलून त्याच्या राजाच्या शेजारी नेऊन ठेवला. फुकट. समीरनं माझ्याकडं बघितलं, बिचाऱ्याला वाटलं मी चुकले. हत्तीनं वजीर मारण्याशिवाय त्याला दुसरी चालच नव्हती. मारला. आता राजाच्या चारी बाजूंनी त्याचीच माणसं, हलायला जागा नाही. मी घोडा एफ दोनवर ठेवला. मात.

समीरनं हात पुढं केला. चांगला मुलगा होता, हे सांगितलं पाहिजे. दोघांनी सह्या केल्या. त्यानं त्याच्या कागदावर निकाल लिहिला, शून्य-एक. म्हणजे पांढऱ्याला शून्य, काळ्याला एक. तेवढ्यात सर आले. त्यांनी समीरचा कागद बघितला, मग माझा उचलला आणि दोन बोटांत असा धरला, जणू त्याला काही लागलंय.

"हे काय आहे?"

"चाली हायत सर," मी म्हणाले.

"ही कुठली भाषा? घो काय, उं काय? हे नियमात बसत नाही. चाली लिहिणं सक्तीचं आहे. हिनं लिहिलंच नाही असं समजू." आणि लाल पेनानं समीरच्या कागदावरचा निकाल खोडून त्यांनी एक-शून्य केला.

समीर म्हणाला, "सर, मात झालीय." सर म्हणाले, "तू गप बस."

आप्पा दारातून आत आले. हॉलात पालकांना यायची परवानगी नव्हती, तरी आले. हात जोडले. अजून दिसतात मला ते जोडलेले हात, तागानं खरखरीत झालेले. म्हणाले, "सर, आधीचे पाच कागद आसेच घेतलात की तुमी. म्या वाचून दावतो. एक एक चाल वाचतो, तुमी पटावर लावून बघा. दहा मिनिटं लागतील."

सर त्यांच्या डोक्यावरून पलीकडं बघत म्हणाले, "आमच्याकडं तेवढा वेळ नाही. काय करता तुम्ही?"

"बारदान्याचं दुकान हाय."

"मग पोती विका. बुद्धिबळाचं आमच्याकडं राहू द्या."

हॉल हसला. मोठी माणसं हसली, त्यांचं बघून पोरं हसली. सरांनी माझा कागद न वाचताच बाकीच्या कागदांत टाकून दिला. खालची प्रत माझ्या हातात होती, ती मी तिथंच रागानं फाडली. तेरा वर्षांच्या पोरीला दुसरं काय सुचणार? पुढं किती वर्षं त्या तुकड्यांसाठी मी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं असेल.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी दुकान उघडलं, पोत्यांची घाई होतीच. दुपारी मी शाळेच्या अभ्यासाचं निमित्त करून गेले तर आप्पा दाभण घेऊन एका फाटक्या पोत्याला ठिगळ लावत होते. ठिगळावर निळी घरं होती. आमचा पट. मी काही म्हणायच्या आत शिवून झालं, कुणीतरी पोतं नेलं, त्यात सोयाबीन भरलं, तोंड शिवलं, आणि ते ट्रकमध्ये चढलं. त्या दिवसानंतर आमच्या दुकानात बुद्धिबळ झालं नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सोंगट्यांचा डबा मात्र फळीवर तसाच राहिला, दर दिवाळीला आई पुसून परत ठेवायची.

कॉलेजात असताना एकदा मी खेळाचे नियम मिळवून वाचले. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं की खेळाडूनं आपल्या देशात चालणाऱ्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं तरी चालतं. रा, व, ह, उं, घो. चालतं! मी लायब्ररीत मोठ्यानं हसले आणि मग रडले. माणूस चुकला असता तर एक वेळ सोडलं असतं. पण पंच म्हणून मिरवणाऱ्याला नियम माहीत नसेल? माहीत होता. नाही तर आधीचे पाच कागद कसे घेतले?

यंदा गणपती उठले आणि एक फोन आला. सरांच्या मंडळाला वेबसाइट करायची होती. आजवरच्या स्पर्धांतले सगळे डाव इंटरनेटवर, कुणीही उघडावेत, पटावर एक एक चाल पुढं नेऊन बघावेत. सरांच्या कारकिर्दीचा गौरव म्हणून. नांदेडच्या कुणीतरी माझं नाव सुचवलं होतं. लग्नात माझं नाव-आडनाव दोन्ही बदललं, त्यामुळं सरांना काही पत्ता नाही. स्वतः बोलले. "मॅडम, तुमचं काम चांगलं आहे म्हणतात. कागद पाठवतो, तेवढे टाईप करून घ्या." आवाज थकलेला होता, पण तोच. मी म्हणाले, "पाठवा सर. सगळे पाठवा. एक बी कागद मागं ठेवू नका."

कागद आले ते दोन पोत्यांत. तागाची पोती, सुतळीनं तोंड शिवलेली. ज्या माणसानं बारदान्याला हिणवलं, त्याची सगळी इभ्रत बारदान्यातच भरून आली. मी सुरीनं सुतळी कापली आणि घरात तोच वास पसरला. नवऱ्याला शिंका यायला लागल्या. मला बरं वाटलं.

आता हे डाव ज्या फाइलीत ठेवतात तिच्याविषयी सांगते, कारण सगळी गंमत त्यातच आहे. पीजीएन म्हणतात तिला. भारी काही नाही, साधा मजकूर. कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडते. वर चौकोनी कंसांत सात ओळी: स्पर्धा कुठली, गाव कुठलं, तारीख, फेरी, पांढरा कोण, काळा कोण, निकाल काय. मग एक रिकामी ओळ. मग आकडे टाकून चाली. घोड्याला तिथं एन, वजिराला क्यू, उंटाला बी, हत्तीला आर. प्याद्याला तिथंही अक्षर नाही. आणि चाली संपल्या की पुन्हा एकदा निकाल. दोनदा लिहायचा. एकदा वर कंसात, एकदा खाली चालींच्या शेवटी. डाव अर्धवट राहिला किंवा निकाल माहीत नसला तर तारा काढायचा. मधेच काही सांगायचं असलं तर महिरपी कंसात लिहायचं, चालींना धक्का लागत नाही.

साधा मजकूर, म्हणजे कुणीही बदलू शकतो. हे माझ्या पहिल्या दिवशीच लक्षात आलं आणि मी वाईट वागले. सरांनी स्वतः तरुणपणी जिंकलेले डाव मी टाईप केले, आणि एका दुपारी सगळ्यांचा निकाल फिरवून टाकला. शोधा आणि बदला, एक बटण. क्षणात सर त्यांच्या प्रत्येक डावात हरले. मी चहा घेत बराच वेळ ती यादी बघत बसले. काय सुख वाटलं म्हणून सांगू! पण मग एक डाव उघडला आणि एकेक चाल पुढं नेली. शेवटी पटावर सर सरळ जिंकलेले दिसत होते आणि खाली लिहिलं होतं, हरले. असा निकाल कुणी मानणार नाही. कळलं की निकाल कुणीही लाल पेनानं लिहितो, चाली लिहिता येत नाहीत. त्या दोघांनी खेळलेल्या असतात. खोटी चाल घुसवली की दहा चालींनंतर कुठंतरी अडतंच, तो उंट त्या घरात पोहोचतच नाही. मी सगळं पूर्ववत केलं. दयेपोटी नाही. मला सरांवर खोटं घालायचं नव्हतं, त्यांनी केलेलंच त्यांच्या अंगावर घालायचं होतं.

माझा कागद दुसऱ्या पोत्यात सापडला. पिवळा पडलेला, कडेला वाळवीनं थोडा खाल्लेला, पण अक्षरं शाबूत. घो, उं, व, ह. माझं आठवीतलं अक्षर, रेघेच्या वर चढत जाणारं. त्याच्याच मागं समीरचा, इंग्रजी अक्षरांत, चालीला चाल जुळणारा, खाली त्याची सही, आणि शून्य-एकवर ओढलेली लाल रेघ. मी फरशीवर बसून दोन्ही कागद शेजारी ठेवले. पोती पाठवायच्या आधी सरांनी ती चाळली होती, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. "नको ते काढून टाकलंय मॅडम." समीरचा कागद त्यांना साधा वाटला असेल, आपल्या विद्यार्थ्यानं जिंकलेला. आणि माझा त्यांनी वाचलाच नाही. चोवीस वर्षांपूर्वी वाचला नाही, आत्ताही वाचला नाही. वाचला असता तर नक्कीच फाडून टाकला असता. त्या न वाचण्यानंच कागद वाचला.

तो डाव मी शेवटी टाईप केला. काळी: महानंदा, अहमदपूर. माझं माहेरचं नाव. निकाल वर शून्य-एक. एकतीस चाली. शेवटच्या चालीनंतर महिरपी कंसात लिहिलं: 'काळीनं मात दिली. दोघांच्या सह्या आहेत. पंचांनी काळीचा कागद न वाचता निकाल बदलला.' आणि खाली पुन्हा शून्य-एक. साइटवर डावाच्या खाली दोन्ही कागदांचे फोटो.

फाइल सर्व्हरवर चढवली तर भलतंच. मोबाइलवर दाबलं की 'ही कशानं उघडू?' असं विचारायचा, आणि उघडलीच तर महानंदाच्या जागी प्रश्नचिन्हं. नुसती फाइल ठेवून भागत नाही, ती कोणत्या जातीची आहे हे सर्व्हरला प्रत्येक वेळी पुढं सांगावं लागतं. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत वाढपी 'भात, भात', 'वरण, वरण' ओरडत येतो, म्हणजे पानावरच्यानं जागा करावी. तसंच. मी सेटिंगमध्ये दोन ओळी टाकल्या: फाइलच्या नावाचा शेवट पीजीएन असेल तर हा बुद्धिबळाचा डाव आहे, आणि अक्षरं देवनागरीही आहेत, तशीच वाढ. परत दाबलं. पट उघडला. वर नाव आलं, महानंदा, अहमदपूर, एकेक काना-मात्रा जागेवर. मी घोडा एफ दोनवर जाईपर्यंत बाण दाबत राहिले, मग मागं गेले, परत पुढं आले. किती वेळा ते विचारू नका.

वेबसाइट सुरू झाली आणि मी दिवाळीला माहेरी आले. आप्पांना काही बोलले नव्हते. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, तरी सकाळी दोन तास दुकान उघडतात. तागाची पोती कमी झाली, प्लॅस्टिकची आली, पण वास आहे. मी त्यांच्यासमोर गादीवर बसले होते, पर्समध्ये तो पिवळा कागद. कसा काढावा, काय म्हणावं, सुचत नव्हतं. बाहेर सोयाबीनच्या ट्रॉल्या लागल्या होत्या, हमालांचा गलका चालू होता, मान खाजत होती. तेवढ्यात फोन वाजला. सर.

"मॅडम, मी रेणापूरला आहे. शिबिर चालू आहे पोरांचं. पडद्यावर तुमची साइट लावली होती. ही महानंदा कोण?"

"मीच सर."

सर म्हणाले, "पोरं तोच डाव परत परत लावायला सांगतेत. म्हणतेत, लई भारी मात हाय. खालचं वाचतेत. पालक आहेत इथं. मॅडम... जुनं कशाला उकरता? काढून टाका असं म्हणत नाही मी. निकालाच्या जागी तो तारा असतो ना, तेवढा टाका. निकाल अनिश्चित. कुणाचंच नुकसान नाही."

मी फोनचा आवाज मोठा करून गादीवर ठेवला. सर तेच परत समजावत होते. आप्पांनी आवाज ओळखला. चेहऱ्यावरून कळलं. चोवीस वर्षांत त्या माणसाचा विषय आमच्या घरात निघाला नव्हता, आणि आप्पांनी पहिल्याच वाक्यात ओळखला. मी पर्समधून कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा चढवला. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

"हॅलो? मॅडम, आहात ना?"

"नमस्कार सर," आप्पा म्हणाले. "पोती इकतो तो म्या. त्या दिशी वाचून दावतो म्हनलो होतो. तुमच्याकडं टाईम नव्हता. आता वाचतो."

"अहो, त्याची काही गरज..."

"सर," मी मधेच म्हणाले, "तारा टाकायचा का नाही ते नंतर बोलू. आधी ऐका. फोन ठेवला तर बोलणं संपलं." मला तारा टाकायचाच नव्हता. खोटी आशा दाखवली, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

आप्पांनी सुरुवात केली. "प्यादं ई चार. प्यादं ई पाच. घोडा एफ तीन. घोडा सी सहा. उंट सी चार. उंट सी पाच." मोठ्यानं, मोंढ्यात हाळी द्यावी तशा आवाजात. दोन हमाल पाठीवरचं पोतं उतरवून उंबऱ्यात थांबले. आप्पा अडखळले की बोट मागं न्यायचे आणि चाल परत वाचायचे. बाराव्या चालीला सर म्हणाले, "कळलं, कळलं मला." आप्पा म्हणाले, "न्हाई. पटावर लावा. पट हाय न्हवं समोर?" पलीकडं पोरांचा आवाज येत होता, कुणीतरी खरंच मोहरे हलवत होतं. मी रडले नाही. मला प्रत्येक चाल ऐकायची होती.

"शह. राजा कोपऱ्यात. वजीर जी एक, शह." आप्पा थांबले. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "वजीर दिलास?" मी मान हलवली. ते हसले, दात नसलेल्या अख्ख्या तोंडानं. "हत्तीनं मारला. घोडा एफ दोन. मात." मग कागद गुडघ्यावर ठेवून त्यावरून हात फिरवला. "झाल्या एकतीस. दहा मिनिटं बी लागली न्हाईत सर. आता तुमीच सांगा. निकाल काय?"

फोनमध्ये पंख्याचा आवाज येत होता. पोरं गप्प झाली होती, म्हणजे तिकडंही आवाज मोठा होता.

"शून्य-एक," सर म्हणाले.

"दोनदा लिवावा लागतो का गं?" आप्पांनी मला विचारलं. कागदाचे फोटो, फाइल, तारा, मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. ते आपल्या जुन्या वहीची सवय विचारत होते. तिच्यात ते निकाल डोक्यावर एकदा आणि तळाशी एकदा लिहायचे.

"हाव आप्पा," मी म्हणाले. "वर एकदा, खाली एकदा."

आप्पांनी फोन उचलून तोंडाजवळ धरला. "सर, अजून एकदा सांगा."

सरांनी अजून एकदा सांगितलं.